कमान कुणाची, आपा?

शमीम आपा, तुमच्यावर माझा पुरता विश्वास कधीच बसला नाही. तुम्हाला ते ठाऊक होतं आणि तुम्ही ते कधी मनाला लावून घेतलं नाहीत. एकदा कन्नडच्या एसटीत शेजारच्या बाईला माझी ओळख करून देताना तुम्ही म्हणालात, "हे वसंतभाऊ. माझ्यावर संशय घेणं हे यांचं काम. फार मन लावून करतात." ती बाई उठून पुढच्या सीटवर जाऊन बसली.

तुम्हाला मातीआड करून अकरा दिवस झाले. वर्तमानपत्रात तुमचा फोटो आला, खाली दोन ओळी: निवृत्त ग्रंथपाल, इंग्रजांच्या काळातल्या चर्चच्या इमारतींच्या अभ्यासक. जन्म, शिक्षण, पुस्तकाचं नाव, सगळं बरोबर होतं. मी पेन घेऊन तपासलं. मला त्यात भर घालायची नाही. मला तुमच्याशी भांडायचंय, आणि या वेळी तुम्ही "चहा घ्या" म्हणून विषय बदलू शकणार नाही.

पहिल्या भेटीबद्दल आपलं कधी जमलं नाही. तुम्ही म्हणायचात, मी तुमच्या अंगावर ओरडलो. मी म्हणतो, मी विचारलं.

आमचं गाव कन्नडच्या रस्त्याला, शहरापासून तासाभरावर. मी राहायला शहरात, गारखेड्यात, पण चर्च गावाकडचंच. दर रविवारी जातो. तेव्हा मी कमिटीचा सेक्रेटरी होतो. चर्चच्या आवाराच्या जमिनीवर कुणीतरी डोळा ठेवून आहे, सातबारा काढलाय, मोजणीचा अर्ज पडलाय, अशा बातम्या रोज यायच्या. त्यात एका दुपारी मी फाटकातून आत आलो तर पायरीवर चपला नीट जोडून ठेवलेल्या, आणि डोक्यावर ओढणी घेतलेली एक पिकल्या केसांची बाई शिंप्याच्या कापडी टेपनं चर्चचं दार मोजतेय.

"कोण तुम्ही? कुणी पाठवलं?"

"कुणी नाही. माझी मी आले."

"मोजणी कशाची चाललीय?"

"दाराची."

"दार कशाला पाहिजे तुम्हाला?"

तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "दार नक्को भाऊ. नुसतं माप पाहिजे."

मी तुमच्या हातातली वही घेतली. हिसकावली, हा तुमचा शब्द. वहीत मला गट नंबर, चतुःसीमा, असं काहीतरी सापडेल असं वाटलं होतं. सापडले ते प्रश्न. "पूर्वेची खिडकी मागाहून बसवलेली दिसते. का?" "छप्पर आधी कशाचं?" "पायऱ्यांचा दगड भिंतीच्या दगडाहून वेगळा. कुठल्या खाणीतला?" प्रत्येक ओळीच्या शेवटी प्रश्नचिन्ह. जमीन लाटणारा माणूस खिडकीबद्दल एवढं विचारत नाही, हे तेव्हाच माझ्या डोक्यात यायला हवं होतं. मी ओळखपत्र मागितलं. तुम्ही ग्रंथालयाचं कार्ड काढलंत.

"हे रिटायर होण्याच्या आधीचं आहे," मी म्हणालो.

"हौ. मी पण आधीचीच आहे."

मग मी तुमची मापं वाचली आणि मला राहवेना. माझी सगळी नोकरी वाळूजच्या कारखान्यात इन्स्पेक्शनला गेली. दुसऱ्यानं बनवलेला नग हातात घ्यायचा आणि तो चुकीचा आहे असं धरून चालायचं, हे माझं काम. कापडी टेप ताणला की वाढतो. तुमची दाराची रुंदी बोटभर चुकलेली होती. पुढच्या रविवारी मी माझा स्टीलचा टेप घेऊन आलो. तुम्हाला मदत करायची म्हणून नाही. आमच्या चर्चचं चुकीचं माप कुठं छापून येऊ नये म्हणून. तुम्ही टेपचं एक टोक माझ्या हातात दिलंत, दुसरं तुम्ही धरलंत, आणि आपण तशीच चार वर्षं काढली.

तुम्ही चर्चच्या नादाला लागलात कशा, हे तुम्ही मला पायरीवर बसून सांगितलं होतं. तेही मी सहज मानलं नव्हतं. तुमच्या ग्रंथालयातलं पुस्तकनोंदीचं एक जुनं रजिस्टर फाटलं, आणि त्याच्या पुठ्ठ्याला आतून लावलेलं जाड मेणकापड सुटून आलं. त्यावर शाईनं काढलेला एका चर्चचा नकाशा होता. "अख्खी नोकरी मी त्या रजिस्टरवर हात ठेवून बसले, आणि आत चर्च होतं," तुम्ही म्हणालात. ते कुठलं चर्च, हे शोधायला तुम्ही निवृत्त झाल्यावर निघालात. जालना, पैठण, वैजापूरकडची खेडी, छावणी; एसटीनं, जीपनं, कधी पायी. ते चर्च तुम्हाला मिळालं नाही. बहुतेक ते कधी बांधलंच गेलं नाही, असं तुम्ही शेवटी मानलंत. पण तोवर तुम्हाला बाकीच्या चर्चांची भाषा कळायला लागली होती.

संशय घेणारा मी एकटा नव्हतो. तुमच्या मोहल्ल्यात विचारायचे, हिचं चर्चात काय काम? आमच्यात विचारायचे, ही बाई आपला धर्म घेणार की आपली जमीन? एका गावात तर लोकांनी तुम्हाला चौकीत नेऊन बसवलं. हवालदारानं विचारलं, "बाई, यात तुमचा फायदा काय?" तुम्ही त्याला विचारलंत, ही चौकी कुणी बांधली, आणि हिच्या व्हरांड्याला टोकदार कमानी कशा? तो बाहेर जाऊन कमानी बघून आला. मग त्यानं तुम्हाला स्टँडपर्यंत सोडलं. ही गोष्ट तुम्ही इतक्या वेळा सांगितलीत की ती खरी आहे की नाही, याचा मी त्या हवालदाराला शोधून तपास करणार होतो. राहून गेलं.

खरं सांगायचं तर तुमच्याएवढं संशयी माणूस मी कारखान्यातही बघितलं नाही. आमच्या चर्चच्या भिंतीवर संगमरवरी पाटी आहे: अमुक पाद्रीसाहेबांनी हे मंदिर उभारलं. मी लहानपणापासून ती पाठ म्हणत आलो. तुम्ही तिच्यापुढं उभ्या राहिलात आणि म्हणालात, "साहेबांनी उभारलं. बरं. साहेबांच्या हाताला फोड आले होते का?"

"म्हणजे?"

"म्हणजे दगडावर कोरलं म्हणून खरं होत नाही, भाऊ. कोरणाऱ्याला मजुरी कुणी दिली ते बघायचं."

मला ते ऐकून आनंद झाला होता, कारण त्या पाटीवर माझाही राग होता. त्या दाराची कमान माझ्या पणजोबांनी बांधली, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. यशवंत मिस्त्री. आजोबा दर नाताळात आम्हाला कमानीखाली उभं करून सांगायचे: "ही तुमच्या रक्तानं बांधलेली हाय. आन् एवढी बांधून झाल्यावर त्यांनी हत्यार खाली ठिवलं, पुन्हा हातात धरलं नाय. यापरीस चांगलं काय बांधणार, म्हणले." नंतर पणजोबा जन्मभर चर्चच्या आवाराची राखण करत राहिले. आमच्या कुळातले जे चुलते पुढं बौद्ध झाले, त्यांच्या घरीसुद्धा ही गोष्ट अशीच सांगतात. गावानं आमच्या लोकांना ढोरं ओढायला लावलं, वेशीबाहेर ठेवलं; पण कमान आमची होती. गावातले काही जण अजूनही हसतात, "तुमच्या लोकांनी दगड वाहिले असतील, घडवायला कुणी दिले असतील?" म्हणून मला ते तुमच्या पुस्तकात पाहिजे होतं. छापील. कमिटीनं वर्धापनदिनाला दाराशी त्यांच्या नावाची पाटी लावायचंही ठरवलं होतं.

तुम्ही विचारलंत, "पुरावा?"

"आजोबांनी सांगितलं."

"आजोबा साक्षीदार झाले. पुरावा काय?"

"म्हणजे साहेबाचा कागद खरा, आन् आमचा माणूस खोटा?"

"मी खोटा म्हटलं नाही. मी विचारलं."

ते माझंच वाक्य होतं, आणि तुम्ही ते मुद्दाम वापरलंत. मी दोन रविवार तुमच्याशी बोललो नाही. तिसऱ्या रविवारी तुम्ही शिडी लावून कमानीपर्यंत चढलात, त्या वयात, आणि वरून हाक मारलीत, "वसंतभाऊ, इथं या. हात लावा." मी चढलो. भिंतीच्या दगडावर छिन्नीचे घाव तिरके होते, उजवीकडून डावीकडं. कमानीच्या दगडांवर सरळ, बारीक.

"हा हात वेगळा आहे," तुम्ही म्हणालात.

"मग? भिंत दुसऱ्यांनी बांधली. कमान पणजोबांनी."

शिडीवरून उतरून तुम्ही ते वहीत लिहिलंत आणि पहिल्यांदाच वही माझ्यापासून तिरकी धरून लिहिलंत. ते मी बघितलं. नग लपवणारा कामगार मी शंभर पावलांवरून ओळखतो.

त्यानंतर तुम्ही माझ्याकडं दफनाचं रजिस्टर मागायला लागलात. चर्चचं जुनं रजिस्टर, कोण कधी मेलं, कशानं मेलं, कुणी पुरलं. ते कमिटीच्या कपाटात असतं आणि किल्ली माझ्याकडं. तुम्ही तीनदा मागितलंत. मी तीनदा नाही म्हणालो. कुणाला किती कबरी, कुठं, यावरून जमिनीची भानगड उभी राहील, असं मी कारण दिलं. खरं कारण तुम्ही वही तिरकी धरली होती, हे होतं.

मग तुम्ही हैदराबादला गेलात. निजामाच्या मुलखातल्या मिशनचे जुने कागद तिथल्या एका दप्तरखान्यात आहेत, असं तुम्हाला कुणीतरी सांगितलं होतं. महिनाभरानं परत आलात. मी स्टँडवर घ्यायला आलो होतो, आठवतं? तुमची पिशवी मी घेतली आणि विचारलं, "कमानीचं काही मिळालं?"

"नाही," तुम्ही म्हणालात. "काहीच नाही मिळालं."

आपा, तुम्ही कधी इतकं लहान उत्तर दिलं नव्हतं. तुमच्या "नाही"ला नेहमी शेपूट असायचं: नाही, पण अमुक बघायला हवं, नाही, मात्र तमुकावर शंका आहे. चार दिवसांनी न सांगता तुमच्या घरी आलो. तुमची मुलगी नाझनीन दार उघडायला आली, आणि आतल्या खोलीत तुम्ही घाईनं एक कागद टेबलाच्या कापडाखाली सरकवलात.

"काय लपवलंत?"

"बसा. चहा घ्या."

"आपा, काय लपवलंत?"

"वसंतभाऊ, साखर किती?"

मला साखर किती लागते हे तुम्हाला पहिल्या वर्षापासून माहीत होतं.

पुस्तक आलं. बारीकसं, तपकिरी मुखपृष्ठ. मी आधी आमच्या चर्चचं पान काढलं. मापं सगळी माझी, बिनचूक. आणि कमानीबद्दल एक ओळ: "प्रवेशद्वाराच्या कमानीवर काम केलेल्या एकाही मिस्त्रीचं नाव माहीत नाही." एवढंच. ज्या बाईनं पायऱ्यांच्या दगडाबद्दल पाऊण पान लिहिलं, तिनं माझ्या पणजोबांना एका ओळीत संपवलं, आणि तेही नाव न घेता. मी तुम्हाला फोन केला. काय बोललो ते मी इथं लिहीत नाही. शेवटचं वाक्य लिहितो, कारण ते माझ्या छातीवर बसलंय: "तुम्हालाही आमची माणसं फक्त दगड वाहायलाच पाहिजेत." मी फोन ठेवला आणि वर्षभर तुमच्या वाटेला गेलो नाही.

तुमच्या आजाराचं मला नाझनीनकडून कळलं. दवाखान्यात दुपारची भेटायची वेळ होती. तुम्ही एवढ्याशा झाल्या होतात. मी खुर्ची ओढून बसलो. सलाइनच्या थेंबांकडं बघत राहिलो. तुम्ही म्हणालात, "मोजताय का?"

"हो."

"बरोबर पडतायत?"

"जरा हळू आहेत."

तुम्ही हसलात. मग म्हणालात, "तुमच्या नावाची एक फाईल आहे. मी गेल्यावर नाझनीन देईल."

"आत्ता द्या."

"आत्ता दिली तर तुम्ही मला विचाराल. माझ्याकडं उत्तर नाही, भाऊ."

मला तेव्हा माफी मागता आली असती. मी काय विचारलं, तर "फाईलमध्ये काय आहे, ते तरी सांगा." तुम्ही डोळे मिटलेत. झोप लागली की सोंग होतं, तेही मला आजतागायत कळलेलं नाही.

दफनानंतर पाचव्या दिवशी नाझनीन गारखेड्यात आली. तिनं निळी फाईल माझ्या हातात दिली. "अम्मीनं सांगितलं होतं, तुमच्याशिवाय कुणी उघडायची नाही." ती गेल्यावर मी दार लावून बसलो. आधी मी फाईलची गाठ तपासली, कुणी सोडली होती का. मग कागदांची शाई. मग मला माझीच लाज वाटली आणि मी वाचायला लागलो.

त्यात पाद्रीसाहेबांच्या एका इंग्रजी पत्राची नक्कल होती. खाली तुमच्या अक्षरात मराठी. साहेबांनी आपल्या वरच्यांना कळवलं होतं की नव्या चर्चच्या दाराची कमान पडली. मिस्त्री यशवंत यानं आततायीपणा करून, हुकमाविरुद्ध, मुदतीआधी खालचा लाकडी टेकू काढला. दोन मजूर बाया दगडाखाली सापडून मेल्या. मिस्त्रीला काढून टाकलं आहे. जालन्याहून दुसरा बोलावून कमान पुन्हा बांधून घेत आहोत. बिशपसाहेबांच्या आगमनाला विलंब होणार नाही.

आपा, मी ते चार वेळा वाचलं. माझा पणजोबा मिस्त्री होता. गावानं हसावं असं काही उरलं नाही. साहेबाच्या कागदात, शाईनं, नाव होतं. आणि ज्या कागदात तो मिस्त्री होता, त्याच कागदात त्याची कमान पडली होती. आजोबा ज्या कमानीखाली आम्हाला उभं करत, ती कुण्या दुसऱ्याच्या हातची होती.

तुम्हाला नाव माहीत होतं. "नाव माहीत नाही" हे तुम्ही जाणूनबुजून छापलंत. आयुष्यात पुराव्याशिवाय एक ओळ न लिहिणाऱ्या बाईनं एक खोटी ओळ लिहिली, आणि ती माझ्यासाठी. मी तुमचे आभार मानू? आधी मला संतापच आला. मी इतका कच्चा आहे, असं तुम्हाला वाटलं? की तुम्हाला भीती होती की हे छापलं तर मी सगळ्या चर्चांची दारं तुम्हाला बंद करीन? तेही मी केलं असतं, हे मला नाकारता येत नाही. की तुमचा कुणावरच विश्वास नव्हता, माझ्यावर नाही आणि साहेबावरही नाही? कारण त्या पत्राच्या समासात तुमच्या पेन्सिलीचे प्रश्न आहेत.

"पहिल्या परिच्छेदात साहेब घाईत आहे, दुसऱ्यात कमान पडते. बिशप यायला किती दिवस उरले होते?"

"टेकू काढायचा हुकूम कुणाचा? मिस्त्री आपल्या मनानं कशाला काढेल?"

"हे पत्र अपघात कळवायला लिहिलंय की आळ टाळायला?"

आणि सगळ्यांत खाली, पेन्सिल दाबून: "मेलेल्या दोघींची नावं? दफनाचं रजिस्टर वसंतभाऊंकडं. देत नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीनं मी गावाकडं गेलो. कपाटाचं कुलूप गंजलं होतं, तेल घालून उघडलं. पत्राच्या तारखेवरून पान काढायला वेळ लागला नाही. त्याच आठवड्यात, एका दिवशी, दोन नोंदी. कारणाच्या रकान्यात दोन्हींपुढं एकच: कमान पडून. पहिलं नाव कोंडाबाई. दुसरं, सगुणा, यशवंत मिस्त्रीची बायको.

आमची पणजी मार्था. सगुणा हे नाव आमच्या घरात मी कधी ऐकलं नव्हतं. आजोबांना माहीत होतं का? असेल तर त्यांनी आम्हाला त्या कमानीखाली उभं करून नेमकं काय सांगितलं? हत्यार खाली ठेवलं हे खरं निघालं; का ठेवलं ते घरानं आपल्या सोयीनं बदलून घेतलं. साहेबानं "दोन मजूर बाया" लिहिलं. त्यातली एक मिस्त्रीची बायको होती हे लिहिलं नाही. बायको खाली उभी असताना माणूस आपल्या मनानं टेकू काढेल का? की त्याला आपल्या कमानीवर इतका भरवसा होता की तिला खाली उभं करूनच त्यानं काढला? मी दोन्ही बाजूंनी विचार करून बघितला. तुम्ही असता तर तिसरी काढली असती.

हे पान तुम्ही तीनदा मागितलंत, आपा. मी दिलं असतं तर तुम्ही कदाचित साहेबाचं पत्र उलटवून दाखवलं असतं. कदाचित नसतंही. पण तुमच्या हातात सगुणा आली असती, आणि मग तुम्ही गप्प बसला नसतात. तुमच्या पुस्तकातली ती खोटी ओळ निम्मी माझी आहे. हे मला दवाखान्यात म्हणता आलं नाही, कारण तेव्हा मला माहीत नव्हतं. आणि माहीत नव्हतं, कारण किल्ली माझ्या खिशात होती.

पणजोबांच्या नावाच्या पाटीचं काम मी थांबवलं. गेल्या रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेबांची परवानगी घेऊन मी पुढं उभा राहिलो आणि पत्र वाचलं. मग रजिस्टर उघडून दोन्ही नावं वाचली. मग तुमचे पेन्सिलीचे प्रश्न वाचले. मग कमिटीतला एक जण मागून म्हणाला, "ते कागद त्या बाईचे ना? खरे कशावरून? तिचा यात काय हेतू?"

मी त्याला म्हणालो, "तपासा. रजिस्टर इथंच आहे. किल्ली आता दाराच्या खिळ्याला टांगतोय. ज्याला पाहिजे त्यानं बघावं."

तो बसला. मी रजिस्टर मिटलं आणि म्हणालो की आपण कोंडाबाई आणि सगुणासाठी उभं राहून प्रार्थना करू. या दोघींसाठी या इमारतीत आजवर कुणी प्रार्थना केली असेल, असं मला वाटत नाही. बायका उठायला लागल्या. तेवढ्यात पुढच्या बाकावरून शांतामावशी बोलल्या. गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या त्याच, आणि त्यांना हळू बोलता येत नाही.

"वसंता, आन् मिस्त्रीसाठी?"

"काय मावशी?"

"त्याच्यासाठी बी उभं राहायचं का? त्याचा गुन्हा व्हता का नव्हता?"

सगळे माझ्याकडं बघत होते. घरात लहानाचा मोठा होताना मी ऐकलेलं एक उत्तर होतं, साहेबाच्या पत्रात दुसरं होतं. मी दोन्ही गिळली आणि रजिस्टर मांडीवर घेऊन खुर्चीवर टेकलो.

"मावशी, मला माहीत नाय."

मावशींनी काठी टेकली. "नसंना का. उभं राहायला काय लागतं?"

त्या उठल्या. मग त्यांच्यामागचे उठले, मग तो कमिटीवालाही उठला. आपा, अख्खं चर्च उभं होतं, आणि मी पुढं असूनही अजून खुर्चीतच होतो, हात रजिस्टरवर. मी सगळ्यांत शेवटी उभा राहिलो.